मोहल्ल्याचा अर्ज कोण लिहिणार?



हवामान बदलावर बोलताना आपण हिमनग आणि समुद्राबद्दल बोलतो. मी आज पैशाबद्दल बोलणार आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हवामानशास्त्रज्ञ नाही. पण आकडे गोळा करणं आणि ते नीट मांडणं हे माझं रोजचं काम आहे, आणि आज आपल्या वस्त्यांना नेमकी त्याचीच गरज आहे.

मालेगाव किंवा भिवंडीतलं पत्र्याचं घर डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मे महिन्यात दिवसभर पत्रा तापतो. पुरुष लूमवर जातात, तर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं त्या पत्र्याखालीच असतात. रात्रीही घर थंड होत नाही. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण ते कागदावर कुठे आहे? किती घरं, किती तापमान, कितीजण आजारी पडले? विचारलं तर उत्तर मिळत नाही.

अहमदाबादचं उदाहरण घ्या. २०१० च्या मे महिन्यात तिथे भयंकर उष्णतेची लाट आली. संशोधकांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. हा आकडा समोर आल्यावर उन्हाने माणसं मरतात हे कुणाला नाकारता येईना. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला होता. पुढे गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा रंग देण्याचं कामही तिथे सुरू झालं. आधी कुणीतरी मोजलं, म्हणून हे घडलं.

आता पैसा कुठे आहे ते पाहू. ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे. स्थानिक संस्था आणि समुदायांना प्रकल्पांसाठी लहान अनुदान देण्याची त्याची रीत आहे. दुसरा मार्ग सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात, आणि त्या यादीत पर्यावरण आहे. गावात राहणाऱ्यांसाठी तिसरा मार्ग ग्रामपंचायतीचा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के वाटा स्वच्छता आणि पाण्यासाठी राखून ठेवला होता. पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर त्यात बसतं. मशिदीत वजूचं पाणी रोज गटारात जातं. ते झाडांना देण्याची योजना ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे?

वेंगुर्ल्याच्या बायकांनी काय केलं पाहा. मांडवीच्या खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा प्रकल्प यांची मदत त्यांना मिळाली. कांदळवन राहिलं तर घर चालतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

पण अशी उदाहरणं थोडी आहेत. २००३ ते २०१६ या काळात आंतरराष्ट्रीय हवामान निधीतला १० टक्क्यांहूनही कमी वाटा स्थानिक पातळीसाठी मंजूर झाला, असा लंडनच्या आयआयईडी संस्थेचा हिशेब आहे. मधल्या पायऱ्यांवरच बराच पैसा थांबतो.

अडचण कागदांचीही आहे. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, तपासलेले हिशेब, १२ए आणि ८०जी ही प्रमाणपत्रं, सीएसआरसाठी सीएसआर-१ फॉर्म हे सगळं लागतं. परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी हवी. ती नसेल तर असा पैसा खात्यात घेऊच नका, आणि दुसऱ्या संस्थेमार्फतही घेऊ नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती वाटही बंद आहे. तुमच्या मंडळाकडे कागद नसतील तर कागद असलेल्या, विश्वासाच्या स्थानिक संस्थेबरोबर मिळून सीएसआरसाठी अर्ज करा.

"आपल्याला कोण देणार?" हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. भेदभाव होतो, हे मी नाकारत नाही. पण अर्जच केला नाही, तर तो सिद्ध कसा करणार? सरकारी योजनेत अर्ज नाकारला गेला, तर माहिती अधिकाराखाली कारण विचारता येतं. कोऱ्या कागदाला कुणी उत्तर देत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या उन्हाळ्यात दहा घरं निवडा. प्रत्येक घरात साधा थर्मामीटर लावा. दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता तापमान लिहा. पंधरा दिवसांनी पाच घरांच्या पत्र्यावर पांढरा रंग द्या, पाच तशीच ठेवा आणि नोंदी चालू ठेवा. महिन्याभरात तुमच्या हातात असा तक्ता असेल, जो महापालिकेत, कंपनीत, कुठेही दाखवता येईल.

दोन गोष्टी मात्र पाळा. पहिली, काय करायचं ते त्या घरातल्या बायकांना ठरवू द्या. दिवसभर पत्र्याखाली त्या असतात. आपण शिकलेले आहोत म्हणून लिहायचं काम आपलं, निर्णय त्यांचा. दुसरी, पैसा आला तर पै-पैचा हिशेब चौकातल्या फळ्यावर लावा. एकदा विश्वास गेला की पुढच्या दहा मंडळांना अनुदान मिळत नाही.

आज घरी जाण्याआधी आपापल्या मोहल्ल्यातली दहा घरं ठरवा आणि एकमेकांचे नंबर घ्या. तक्त्याचा नमुना मी सगळ्यांना पाठवतो.