लहान मुलांची वेदना आणि लक्ष वळवण्याची विद्या

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त नवी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या मार्गावर आजची सभा भरली आहे, त्याला कस्तुरबांचे नाव आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यांच्यावर झालेल्या एका शस्त्रक्रियेचा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत सांगितला आहे. प्रकृती इतकी क्षीण झाली होती की क्लोरोफॉर्म देणे शक्य नव्हते. भूल न देताच शस्त्रक्रिया झाली आणि कस्तुरबांनी ती विलक्षण धैर्याने सोसली. हे वाचताना मान आदराने लवते. मात्र तेच धैर्य पाच वर्षांच्या मुलाकडून मागितले जाते, तेव्हा थोडे थांबून विचार करायला हवा. 'शहाणी मुले रडत नाहीत' हे वाक्य दवाखान्याच्या दारात हमखास ऐकू येते.

मुलांच्या वेदनेविषयी वैद्यकशास्त्रही उशिराच जागे झाले. १९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर अनेक ठिकाणी जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. इतक्या कोवळ्या मज्जासंस्थेला वेदना कळत नाही, अशी समजूत होती. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये ही समजूत तपासून पाहिली. पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या अर्भकांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि शस्त्रक्रियेनंतर ती अधिक सुस्थितीत राहतात, असे त्यांच्या १९८७ सालच्या 'लॅन्सेट'मधील निबंधाने दाखवले. प्रत्येक आईला जे ठाऊक होते, ते शास्त्राने तेव्हा मान्य केले.

लक्ष वळवण्याचा उपायही असाच घरातला आहे. कान टोचताना सोनार तार हातात घेई आणि आजी म्हणे, 'तो बघ काऊ!' हा केवळ मनाचा खेळ नव्हता. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एका दारातून जातो. दुखऱ्या जागेभोवती चोळले, तर ते दार काहीसे मिटते. मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते मिटवू शकतात. हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २०१२ साली प्रौढांवर केलेल्या प्रयोगात याचे प्रत्यंतर आले. अवघड बौद्धिक काम करताना चटका दिला असता, मज्जारज्जूतील वेदनेची हालचालच कमी झालेली दिसली. म्हणजे लक्ष गुंतलेल्या माणसाला वेदना सहन होते एवढेच नव्हे, तर तिचा संदेशच क्षीण होऊन वर पोचतो.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मुलाला नुसते 'तिकडे बघ' म्हणणे पुरेसे नाही. त्याच्या मनाला काम द्यावे लागते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत, म्हणजे श्वासही आपोआप संथ होतो. त्याहून मोठ्या मुलाला गोष्ट सांगावी, पण पुढे काय झाले हे त्यालाच ठरवू द्यावे. चौथी-पाचवीतल्या मुलाला सतराचा पाढा उलटा म्हणायला सांगून पाहावे! (पाढ्यांचा इतका चांगला उपयोग शाळेतही क्वचितच होत असेल.) तान्ह्या बाळाला मात्र काऊ-चिऊ नको, त्याला आईची मांडी हवी. लस टोचताना बाळाला जवळ घ्यावे आणि अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली सुचवले आहे.

काही मुलांना सुईकडे बघायचेच असते. त्यांचे तोंड बळेच फिरवू नये. बघितल्यानेच त्यांना धीर येतो.

आता थोडे अप्रिय. लक्ष वळवणे आणि फसवणे यांत फार मोठे अंतर आहे. 'आपण बागेत चाललोय' असे सांगून मुलाला दवाखान्यात नेणारे पालक त्या दिवसापुरते जिंकतात. पुढच्या वेळी खरोखरच बागेत नेताना तेच मूल दारात पाय रोवून उभे राहते. 'मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील' ही धमकीही त्याच जातीची. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते, मधुमेही मुलाला तर दिवसातून अनेकदा इन्सुलिन. त्या घरात सुईविषयी एकदा विश्वास तुटला, की तो रोज तुटत राहतो. म्हणून आधी खरे सांगावे, 'थोडे टोचेल, लगेच संपेल', आणि मगच गोष्ट सुरू करावी.

याहून चमत्कारिक वाटेल अशी आणखी एक गोष्ट. 'काही नाही, काही नाही झालं' असे वारंवार म्हटल्याने मुले शांत होण्याऐवजी अधिक घाबरतात, असे अभ्यासकांना अनेकदा आढळले आहे. आईचा कातर झालेला आवाज मुलाला अचूक कळतो. 'काही नाही' म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असा अर्थ ते काढते. त्यापेक्षा शेजारच्या मांजरीची पिल्ले किती झाली, हे विचारणे बरे.

दिल्लीतच, गीता कॉलनीतील चाचा नेहरू बाल चिकित्सालयात 'क्लाउनसेलर्स' हा गट लाल नाके लावून मुलांच्या खाटांपाशी जातो. शीतल अग्रवाल यांनी तो २०१६ साली सुरू केला. रुग्णालयात विदूषक म्हणजे पोरकटपणा, असे काहींना वाटते. पण हसणारे मूल हात आखडून घेत नाही, आणि आखडलेल्या हातात शीर शोधणे किती कठीण असते, हे परिचारिकांना विचारावे.

मर्यादाही सांगितलीच पाहिजे. जखमेला टाके घालताना किंवा पाठीच्या मणक्यातून पाणी काढताना गोष्ट पुरत नाही. तिथे भूल हवी, औषध हवे, आणि ते मागण्याचा संकोच पालकांनी करू नये. गोष्ट औषधाच्या सोबतीला असते.

शाळेपुरते सांगायचे तर, राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, आणि ती पुष्कळदा शाळेतच टोचली जाते. त्या दिवशी रांगेतल्या मुलांचे दुखणे सुईच्या आधीच सुरू होते. पुढच्याचा चेहरा बघून मागचा पांढरा पडतो. टोचण्याची जागा आडोशाला असावी आणि टोचून झालेली मुले दुसऱ्या दाराने बाहेर पडावीत. या वयात भीतीने भोवळ येऊ शकते, म्हणून मुलांना बसवून टोचावे. रांगेशेजारी एखादे शिक्षक कोडी घालत उभे राहिले तर फारच उत्तम. शक्यतो गणिताचे नकोत, मुलांना ज्यांची भीती वाटत नाही असे.