पदवीनंतर काय?



जुबिलीच्या प्रसंगीं धर्मगुरूनें मंदिराच्या उभारणीविषयीं व गतकालांतील मिशनऱ्यांच्या कष्टांविषयीं बोलावें, अशी रीत आहे. तें काम इतर वक्त्यांनीं उत्तम केलें आहे. मी निराळ्या विषयास हात घालतों. आपल्यांतील जे अपंग तरुण-तरुणी महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांचें पदवीनंतर काय व्हावयाचें, हा तो विषय होय. (सरकारी कागदांत आतां ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द चांगला आहे. परंतु शब्दानें भाकरी मिळत नाहीं.)

प्रथम माझाच दोष सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, पायांनीं अधू असलेला एक तरुण बी. ए. झाला. मिस्सेनंतर मीं त्यास वेदीपुढें बोलावून शाल दिली, लोकांनीं टाळ्या वाजविल्या, आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून देऊन मी मोकळा झालों. दोन वर्षांनीं घराच्या आशीर्वादास गेलों, तों तो त्याच ओटीवर, त्याच खाटेवर बसलेला! आई म्हणाली, “फादर, ह्याला आतां कुठं पाठवणार? देवानं दिलंय, आम्ही सांभाळूं.” त्या दिवशीं मात्र मीं त्यालाच विचारलें. तो म्हणाला, “मला बँकेची परीक्षा द्यायची होती. अर्जाची मुदत दोनदां टळली. न्यायला कोणी नव्हतं.”

यरीहोच्या वाटेवरील बार्तीमयाचें अंधत्व सर्वांस दिसत होतें. तरीहि प्रभूनें त्याला काय हवें, हें आधीं त्यालाच विचारलें. लोक मात्र त्यास गप्प बसवीत होते. आमची गणना कोणांत होते, हें ज्यानें त्यानें पाहावें.

हें विचारणें निकालाच्या दिवशीं नव्हे, महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षीं झालें पाहिजे; कारण पुढील कामांस वेळ लागतो. अपंगत्वाचें प्रमाणपत्र व यू.डी.आय.डी. ओळखपत्र हातीं नसेल, तर बहुतेक सवलती मागतांच येत नाहींत. 2016 च्या कायद्यानें अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, आणि किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठीं सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या आहेत. परीक्षेस लेखनिक हवा असेल, तर तोहि आधींच मागावा लागतो. ज्यांच्या मुलास स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बौद्धिक अपंगत्व आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: 18 वर्षें पुरीं होतांच मूल कायद्यानें सज्ञान होतें. त्यानंतर पालकत्व हवें असल्यास 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आईबापांच्या पश्चात् काय, ह्या प्रश्नास हात घालण्याचा हा एक मार्ग आहे. पुष्कळांस तो ठाऊकच नसतो.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील ह्यांची हकीकत पाहा. सहाव्या वर्षीं दृष्टि गेली. तरी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या त्या पदवीधर झाल्या. येशूसंघीय फादरांच्या ह्या महाविद्यालयांत 2003 पासून अंधांसाठीं स्वतंत्र साधनकेंद्र आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत 2016 सालीं त्यांस 773 वा क्रमांक मिळाला. परंतु पूर्ण अंधत्वाचें कारण देऊन रेल्वेच्या सेवेंत त्यांस घेतलें नाहीं. 2017 सालीं 124 वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेंत गेल्या, व 2019 सालीं तिरुवनंतपुरम येथें उपजिल्हाधिकारी झाल्या. प्रत्येक मुलानें अधिकारी व्हावें, असें मी म्हणत नाहीं; दिग्रसच्या बाजारांत हिशेब लिहिणें किंवा स्वतःचें लहानसें दुकान चालविणें हेंहि मानाचें काम आहे. परंतु एवढ्या गुणवंतास जर नकार मिळतो, तर आपल्या मुलांसहि तो मिळेल, हें धरूनच चाललें पाहिजे. आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळीं त्यांच्याजवळ कोणीतरी असलें पाहिजे.

म्हणून शालींचा खर्च बंद करून त्या पैशांत यवतमाळच्या खेपांचें गाडीभाडें द्यावें, अशी माझी सूचना आहे. आपल्यांतील निवृत्त शिक्षक व कारकून ह्यांनीं महिन्यांतून एका रविवारीं मिस्सेनंतर अर्ज भरण्यास बसावें. मीहि बसेन. पालकांनीं मुलास बरोबर आणावें, आणि मीं त्यास प्रश्न विचारला असतां त्याच्याऐवजीं स्वतः उत्तर देऊं नये, एवढी माझी विनंती आहे.