पूर्ण बुजलेली रोहिणी

गोंदियाहून नागपूर रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटर. तेथें हृदय तपासून परतणाऱ्या गृहस्थाच्या कागदावर कधीं ‘शंभर टक्के ब्लॉकेज’ असें लिहिलेलें असतें. शाळेंत शंभरांपैकीं शंभर पाहून घर हर्षतें. येथें रडारड होते. रोहिणी एकाएकी बुजली तर तो हृदयाघात; तेथें क्षणाचाही विलंब नको. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ बुजलेलीच्या पलीकडे शेजारच्या बारीक वाहिन्या थोडेंबहुत रक्त पुरवीत असतात. म्हणून तर रोगी आपल्या पायांनीं घरीं येतो!

अशी जुनी रोहिणी नळी घालून उघडण्यांत निष्णात हातांस शंभरांत ऐंशी-नव्वद वेळां यश येतें. मात्र तारेनें रोहिणीस छिद्र पडणें, हृदयाभोंवतीं रक्त सांचणें, तपासणीच्या रंगद्रव्यानें मूत्रपिंडास इजा होणें, हे धोके साध्या अँजिओप्लास्टीहून अधिक. क्वचित् मृत्यूही ओढवतो.

लाभ कोणता? २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या युरोपीय प्रयोगांत छातींतील कळ कमी झाली. २०१९ सालच्या, आठशेंहून अधिक रोग्यांवरील आशियाई प्रयोगांत मात्र मृत्यू वा हृदयाघात घटल्याचें दिसलें नाहीं. तेव्हां औषधें घेऊनही जिना चढतांना ज्याची छाती दाटते, त्यानें याचा अवश्य विचार करावा. ज्यास कांहींच त्रास नाहीं, त्यानें सहीपूर्वीं उपायाचा हेतु विचारावा. अशा जुन्या रोहिण्या आपण वर्षांत किती उघडतां, हेंही डॉक्टरांस विचारण्यास संकोचूं नये.