बरोक तैलचित्रांतील धार्मिक प्रतीके: स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय अध्यक्ष, अभ्यासक आणि रसिकहो, बरोक तैलचित्रांतील धार्मिक प्रतीकांवरील या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मधील अखेरच्या अधिवेशनात चर्चमधील चित्रांना मान्यता दिली, मात्र त्यांतून भाविकांना धर्मकथा नीट उमगावी आणि भ्रामक समजुतींना थारा मिळू नये, अशी अट घातली. पुढच्या शतकातील कॅथलिक चित्रकारांनी ही अट जाच न मानता तिचे सोने केले. प्रतीक, म्हणजे अदृश्य तत्त्व सुचवणारी दृश्य खूण, त्यांनी रोजच्या वस्तूंत आणि उजेडात मुरवले.

काराव्हाज्जोने 1599-1600 मध्ये रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चसाठी रंगवलेल्या 'संत मॅथ्यूला पाचारण' या चित्रात जकातदारांची मंडळी नाण्यांच्या मेजाभोवती बसली आहे आणि उजवीकडून आलेल्या ख्रिस्ताने पुढे केलेला हात मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलमध्ये रंगवलेल्या आदमच्या हाताची आठवण करून देतो. ख्रिस्ताला 'नवा आदम' मानणाऱ्या श्रद्धेचा हा दृश्य उच्चार आहे. चित्रात खिडकी आहे, तरी खोलीतला उजेड तिच्यातून येत नाही. तो ख्रिस्ताच्या माथ्यावरून तिरपा उतरतो, आणि त्याच्या मस्तकाभोवतीची बारीक सोनेरी रेघ नजरेतून निसटावी इतकी पुसट असल्याने ईश्वरी कृपेचा खरा भार तो उजेडच वाहतो.

स्पेनच्या सुरबारानने 1635 ते 1640 च्या सुमारास रंगवलेले 'देवाचे कोकरू' याहून धीट आहे. ख्रिस्ती परंपरेत कोकरू म्हणजे मानवजातीच्या पापांसाठी बळी गेलेला ख्रिस्त. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील प्रतीत मात्र तेजोवलय नाही, मजकूर नाही, काळोख्या पार्श्वभूमीवर पाय बांधलेला एक जीव तेवढा पडून आहे. तैलरंग सावकाश वाळतात, त्यामुळे ओल्या छटा एकमेकींत मिसळता येतात आणि वाळलेल्या थरावर पातळ, पारदर्शक थर चढवता येतो. लोकरीचा दाटपणा आणि दोरीखालच्या पायांचा निमूटपणा या माध्यमामुळेच इतका जवळचा वाटतो. प्रतीकांचा नुसता कोश उघडून अशा चित्राचा अर्थ लागत नाही, रंगलेपनाकडेही तितक्याच बारकाईने पाहावे लागते, असे समितीचे ठाम मत आहे.

याच चित्रकाराच्या, सॅन दिएगो येथील कोकराला तेजोवलय आहे आणि खाली मजकूरही आहे. दोहोंपैकी भाविकाला अधिक हलवणारे कोणते, यावर परिषदेत मतभेद अवश्य व्हावेत. समितीचा कौल प्रादोच्या बाजूने आहे.