माझा छंद : रेल्वे फाटकांचे चित्रीकरण

(स्नेहमेळाव्यातील ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण)



आधीच्या मंडळींचे छंद ऐकले. कोणी गड चढतं, कोणी गच्चीवर भाजी पिकवतं. माझा छंद सांगितला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “पण कशासाठी?” मी शिकागोजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वे फाटकांवरच्या सिग्नलांचे व्हिडिओ काढतो. गाडीचे नव्हे, सिग्नलचे! सौ. म्हणते, “लोक पाहुण्यांना नायगारा दाखवतात, आमच्याकडे फाटक.” पण मी एकटा नाही बरं का. नुसत्या आवाजावरून घंटा जुनी यांत्रिक आहे की नवी इलेक्ट्रॉनिक, हे ओळखणारे पुष्कळ लोक तिकडे आहेत.

अमेरिकेत दोन लाखांहून जास्त फाटकं आहेत आणि तिथे गेटमन नसतो. मग गाडी आल्याचं कळतं कसं? हे तत्त्व विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली शोधलं. रुळांतून बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडीची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, पलीकडच्या रिलेला प्रवाह मिळेनासा होतो आणि सिग्नल सुरू होतो. गंमत म्हणजे तार तुटली किंवा रूळ तुटला, तरी हेच घडतं. वीज पूर्ण गेली, तर दांडा स्वतःच्या वजनाने खाली येतो. बिघाड झाला की यंत्राने रस्ता बंदच करायचा, असा त्यामागचा विचार.

गाडी पोचण्याआधी किमान २० सेकंद इशारा मिळाला पाहिजे, असा नियम आहे. आधी लाल दिवे लागतात, निदान तीन सेकंदांनी दांडा उतरू लागतो आणि गाडी येण्याच्या किमान पाच सेकंद आधी तो आडवा झालेला असतो. मी व्हिडिओवर ही सेकंदं मोजतो. बोलताना वीस सेकंद म्हणजे काहीच नाही. पण थांबलेल्या गाड्यांमधली माणसं मला कॅमेऱ्यात दिसतात. दहाव्या सेकंदाला स्टिअरिंगवर बोटं वाजायला लागतात. एखादा आडव्या दांड्याला वळसा घालून निघतो. तो क्षण चित्रीत करताना माझ्या पोटात आजही गोळा येतो.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. हे दोन लाल दिवे आळीपाळीने का लागतात? पूर्वी तिथेही फाटकावर माणूस असे. रात्री तो लाल कंदील डावीकडून उजवीकडे हलवायचा. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात अल्बर्ट हंट यांनी लंबकासारखा झुलणारा, लाल दिव्याचा सिग्नल केला. लोक त्याला ‘विगवॅग’ म्हणू लागले. त्याच्या एका प्रसिद्ध प्रकाराचं नावच होतं ‘मॅग्नेटिक फ्लॅगमन’, म्हणजे चुंबकावर चालणारा बावटेवाला! पुढे झुलता दिवा गेला आणि आळीपाळीने लागणारे दोन दिवे आले, पण डोळ्यांना दिसतो तो हलणारा कंदीलच. माणूस गेला, त्याचा हात मात्र यंत्रात राहिला. आता विगवॅग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि यांत्रिक घंटाही बदलल्या जाताहेत. म्हणून आम्ही ते टिपून ठेवतो.

आपल्याकडे तो माणूस अजून आहे. हिरवा-लाल बावटा, हातदिवा आणि वही घेऊन तो पाळी करतो. जिथे फाटकाला सिग्नलची जोड आहे, तिथे फाटक लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. जिथे नाही, तिथे तो फाटक लावून स्टेशन मास्तरांना फोनवर ‘प्रायव्हेट नंबर’ देतो. रुळांकडेच्या पिवळ्या पाटीवरचं ‘सी/फा’ आपण सगळ्यांनी वाचलंय. ‘सीटी वाजवा, पुढे फाटक आहे’ ही ड्रायव्हरला दिलेली सूचना आहे. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर संपली. उरलेल्यांच्या जागी एकेक करून उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग होताहेत. ते व्हायलाच हवेत, त्याने जीव वाचतात. फक्त ते होण्याआधी तुमच्या गावचं फाटक एकदा टिपून ठेवा. रूळ ओलांडू नका, रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहा, परवानगी लागत असेल तिथे घ्या आणि गेटमनशी दोन शब्द बोला.

आणि एक विनंती. आपली सगळ्यांची पन्नाशी उलटली आहे. नातवंडांना मागे बसवून स्कूटर दांड्याखालून वाकवून काढणारे आजोबा मी याच दौऱ्यात पाहिले. नाव सांगत नाही, ते आपल्या वर्गातले नव्हते एवढंच सांगतो! आपण ते करायचं नाही. फाटक लागलं की इंजिन बंद करा आणि नातवंडांना डबे मोजायला लावा. पुढच्या मेळाव्याला सगळे भेटू.