खूण कोणाची, ग्वाही कोणाची?

चेन्नई शहराच्या एग्मोर भागात, पँथियन रस्त्यावर, तमिळनाडूतील हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थांच्या शिखर संघाचे कार्यालय आहे. १९३५ साली स्थापन झालेला हा संघ ‘को-ऑप्टेक्स’ या नावाने सर्वत्र परिचित आहे. खेड्यातील घरी मागावर बसणारा विणकर दूरच्या गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. गिऱ्हाईक विश्वास ठेवते ते वस्त्रावरील नावावर आणि खुणेवर. ही खूण नेमके काय सांगते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

सामान्य व्यापारचिन्ह एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालाहून वेगळा ओळखू देते. पण चिन्हामागे अनेक हात असतील तर? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात त्यासाठी दोन प्रकार सांगितले आहेत. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला.

पहिला प्रकार सामूहिक चिन्हाचा. त्याची मालकी मंडळाची, वापर सभासदांचा. सभासद कोणी व्हावे, चिन्ह कोणत्या अटींवर वापरावे आणि गैरवापरास शासन काय, याची नियमावली नोंदणीच्या वेळी सादर करावी लागते. कोणी या चिन्हाची नक्कल केली आणि मंडळ न्यायालयात गेले, तर सभासदांचे झालेले अथवा होऊ घातलेले नुकसानही न्यायालयाने विचारात घ्यावे लागते. एकट्याला न परवडणारे भांडण अशा रीतीने समूहाचे होते.

दुसरा प्रकार प्रमाणन चिन्हाचा. १९५८ च्या कायद्यातही त्याला स्थान होते. माल कोणी केला, हे ते सांगत नाही. माल कसा आहे, म्हणजे त्याचे मूळ, घटक, कृती वा दर्जा काय, याची ते ग्वाही देते. येथे कायद्याची अट कडक आहे. ज्या मालाची ग्वाही द्यायची, त्या मालाचा व्यापार चिन्हाच्या मालकाने करता कामा नये. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा मनुष्यस्वभाव ओळखूनच ही अट घातलेली आहे. प्रमाण देण्याची पात्रता मालकात उरली नाही, किंवा त्याने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, तर नोंदणी रद्द होऊ शकते.

प्रत्येक ग्वाहीला स्वतःची मर्यादा असते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये आलेला ‘सिल्क मार्क’ कापड शुद्ध नैसर्गिक रेशमाचे असल्याचे सांगतो. ते हातमागावर विणले की यंत्रमागावर, याविषयी तो मौन पाळतो. २००६ मध्ये आलेली ‘हँडलूम मार्क’ ही खूण हातविणीची खात्री देते, परंतु धागा रेशमाचा की सुताचा, हे तिच्यावरून समजत नाही. येवल्याची पैठणी घेणाऱ्या गृहिणीला रेशीम आणि हातमाग या दोहोंची खात्री हवी असेल, तर एका खुणेवर विसंबून चालणार नाही.

अनेक दिवस राबून विणलेल्या लुगड्याशेजारी यंत्रावरची नक्कल त्याच नावाने विकली गेली, तर गिऱ्हाइकाचे पैसे एकदाच बुडतात. विणकराचे मात्र पोटच बुडते. नियमावली पाळली जाते की नाही, यावर राखलेली करडी नजर म्हणूनच त्याच्या मजुरीचेही रक्षण करते.