ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर आणि हक्काची भरपाई
(वर्षावासातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही वकील नाही आणि डॉक्टर तर नाहीच. बँकेच्या खिडकीमागे बसून दुसऱ्यांचे कागद तपासणे हा आमचा धंदा. तरीही या विषयावर बोलण्याचा आग्रह झाला, त्याला कारण एक भगिनी आहेत. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या. पतीचे खाते बंद करायला त्या आमच्याकडे आल्या. पती मुंबईच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे होते. गोण्या फोडायच्या, पांढरे धागे यंत्रात टाकायचे, हे काम. गावी परतल्यावर दम लागू लागला. टीबी समजून कित्येक महिने गोळ्या दिल्या गेल्या. अखेर पुण्याला तपासले तेव्हा फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आणि चार महिन्यांत सगळे संपले. आम्ही कागद मागितले. तपासणीचा रिपोर्ट घर बदलताना गेलेला. केसपेपरवर विडी ओढत असल्याची नोंद होती, पण नोकरीचा उल्लेख नव्हता. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर लिहिले होते, हृदयक्रिया बंद पडून. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! त्या कागदांवर दावा उभा करायला एकही वकील तयार झाला नाही. तेव्हापासून आम्ही या विषयात डोके घातले.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचे मुंबईशी नाते जुने आहे. शेतीवर पोट भरेना म्हणून आपली माणसे गिरण्यांत, गोदीत, घाटकोपर-मुलुंडच्या कारखान्यांत, दारूखान्यात जहाजे तोडायला गेली. त्यात आपल्या समाजाला जमीन कमी, म्हणून धुळीचे आणि ओझ्याचे काम वाट्याला जास्त आले. ॲस्बेस्टॉस हा खडकातून निघणारा तंतू. तो जळत नाही, म्हणून ब्रेक लायनिंगला, बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपावरच्या वेष्टणाला, सिमेंटच्या पत्र्यांना वापरला गेला. श्वासाबरोबर आत गेलेला तंतू फुफ्फुसात रुतून राहतो. त्यातून ॲस्बेस्टॉसिस होतो, फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सर्व जातींचा ॲस्बेस्टॉस, पांढरासुद्धा, माणसाला कॅन्सर करणारा ठरविला आहे. इंग्लंडने १९९९ मध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस आजही परदेशातून येतो.

या रोगाची कायद्याच्या दृष्टीने मोठी अडचण अशी की तो वीस, तीस, चाळीस वर्षांनी उठतो. तोवर नोकरी सुटलेली, कारखाना विकला गेलेला, मुकादम वारलेला. विडी ओढणाऱ्याला तर हमखास सांगतात की तुझ्या विडीनेच झाले. विडीने धोका वाढतो हे खरेच आहे, आणि दोन्ही एकत्र आले की तो फारच वाढतो. पण म्हणून धूळ निर्दोष ठरत नाही.

आता कायदा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात प्रा. अदारकरांनी कामगारांच्या आजारविम्याची योजना तयार केली आणि तिच्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, जन्मला. त्याच्याही आधीचा १९२३ चा कामगार भरपाई कायदा होता. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. आपले प्रकरण त्याआधीचे असेल तर कोणता कायदा लागेल ते वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. गाभा मात्र तोच आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे धंद्यातले रोग म्हणून कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी लिहिलेले आहेत.

नावानिशी लिहिण्याचा उपयोग काय? अशा कामावर सलग सहा महिने असलेल्या कामगाराला नोकरीत असताना तो रोग झाला, तर तो कामावरचा अपघातच मानला जातो. तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. नोकरी सुटल्यावर रोग निघाला तरी हक्क जात नाही, फक्त रोग त्या कामातूनच आला हे दाखविण्याचा भार आपल्यावर येतो. आपली बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या प्रकारची, म्हणून कागदांची एवढी कटकट.

ज्याच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात होती त्याने ईएसआयकडेच मागायचे. त्याला मालकाविरुद्ध भरपाईच्या कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही. ईएसआयचे वैद्यकीय मंडळ तपासून अपंगत्व ठरविते. मृत्यू झाल्यास विधवेला व मुलांना आश्रितांचा लाभ मिळतो. निर्णय मान्य नसेल तर विमा न्यायालय आहे. ज्याला ईएसआय नव्हते त्याने भरपाईचा दावा करायचा. मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. पन्नासाव्या वर्षी हा आकडा १५३.०९ आहे. बारा हजार पगार धरला तर सहा हजार गुणिले १५३.०९, म्हणजे ९ लाख १८ हजार ५४० रुपये. ठेकेदाराच्या माणसांनी मुख्य मालकाला सोडू नये, त्याच्यावरही जबाबदारी येते.

दाव्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागतील या भीतीने आपले लोक गप्प बसतात. १९९५ च्या दुरुस्तीपासून दावेदार जिथे राहतो तिथे दावा करण्याची सोय आहे. म्हणजे ओतूर किंवा मंचरच्या विधवेला पुण्यात दाद मागता येते. मुदत मात्र असते. जुन्या कायद्यात ती दोन वर्षे होती. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने तो दावा लढविला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा, घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याने प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवायची, असा आदेश दिला. त्यात एक लाख रुपयांचाही उल्लेख आहे, पण तो फेरतपासणीत ॲस्बेस्टॉसिस निघालेल्या कामगारांसाठी, आणि आदेश विशेषतः गुजरातच्या कारखाना निरीक्षकांना होता. निकाल दाखवला की लाख रुपये हातात, अशी समजूत करून घेऊ नये. २०११ मध्ये न्यायालयाने संपूर्ण बंदीची मागणी फेटाळली, पण १९९५ चे आदेश पाळायला पुन्हा बजावले.

आपल्या जवळचे उदाहरण घाटकोपरचे. तेथील हिंदुस्तान फेरोडो ही एकेकाळी टर्नर अँड न्यूअल या ब्रिटिश कंपनीची उपकंपनी. मुंबईतल्या अशा एका कारखान्याच्या कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली व ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या दर पाचांमागे निदान एकाला ॲस्बेस्टॉसिस होता. टर्नर अँड न्यूअलने २००१ मध्ये दिवाळखोरीचा आसरा घेतला. पुढे पीडितांसाठी तिकडे न्यास उभा राहिला आणि घाटकोपरच्या कामगारांचे दावे तिथपर्यंत गेले. त्याआधी, २००० मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या खाणकामगारांना केप या कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावा चालविण्याची मुभा तिथल्या सर्वोच्च पीठाने दिली होती. कारखान्याची मालकी परदेशी होती का, हे म्हणूनच विचारून ठेवावे.

ज्यांचा कोणी मालकच नाही त्यांचे काय? नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणारी बाई, किंवा छपरासाठी पत्रे कापणारा गावचा गवंडी. खरे सांगायचे तर त्यांच्यासाठी कायदा फार लंगडा आहे. भरपाईचा कायदा नोकराला ओळखतो, नोकराच्या बायकोच्या फुफ्फुसाला ओळखत नाही. दिवाणी दावा करता येतो, पण तो लांबतो आणि पुरावा कठीण. आम्ही खोटी आशा लावणार नाही.

आता कागद. हा आमचा प्रांत. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचे कार्ड, फंडाचा हिशेब, युनियनची पावती, पगार जमा होत असलेले पासबुक, यांतले जे असेल ते. काहीच नसेल तर बरोबरीच्या दोन-तीन कामगारांची प्रतिज्ञापत्रे, ते हयात आहेत तोवर. कारखान्याच्या नोंदींसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. डॉक्टरपुढे बसताना पहिले वाक्य कामाचे असावे. कुठे, कोणत्या खात्यात, किती वर्षे. आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. बायोप्सीचा रिपोर्ट व एक्स-रे जपावेत. घरी मृत्यू झाला तर ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडून कारण नेमके लिहून घ्यावे. दुःखाच्या घरात हे बोलणे कठोर वाटते. आम्हालाही बोलताना जड जाते. पण त्या भगिनीचा दावा याच एका ओळीवर अडला.

वकिलाच्या फीची काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही अनुसूचित जातीत धरले जातात. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयात चौकशी करावी, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

विद्यार्थ्यांकडून आमची एक मागणी आहे. या सुट्टीत आपापल्या वाडीतल्या मुंबईहून परतलेल्या प्रत्येक आजोबांकडे, काकांकडे वही घेऊन बसा. कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली, कोणते काम, शेजारी कोण होते, एवढे लिहा आणि त्यांची सही किंवा अंगठा घ्या. ट्रंकेतले कागद झेरॉक्स करून मूळ कागद त्यांनाच परत द्या. पुढच्या पौर्णिमेला आम्ही विहारात सकाळी दहापासून बसू. वह्या तिथे आणाव्यात, अर्ज तिथेच लिहू.

जयभीम.